घासलेल्या नाण्याला बट्टा का?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी गेलात तर नाणीवाल्यांच्या पुढ्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे अल्बम, त्यात प्रत्येक नाणं पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकोनात स्टेपल करून ठेवलेलं आणि वर पेनाने भाव टाकलेला, आणि दुसरं म्हणजे शेजारी ठेवलेलं एखादं पातेलं किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा, ज्यात काळपट तांब्याची नाणी ढीग करून ओतलेली असतात. अल्बमला हात लावला की मालक लगेच तुमच्या बोटांकडे बघायला लागतो. डब्यात मात्र खुशाल कोपरापर्यंत हात घाला, कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षं या डब्याचंच गिऱ्हाईक आहे आणि त्यावरून मित्रांकडून भरपूर ऐकूनही घेतलंय, त्यामुळे आज या घासलेल्या नाण्यांच्या बाजूने जरा सविस्तर भांडायचं ठरवलंय.

डब्यात मुख्यतः असतात शिवराया. शिवराई म्हणजे तांब्याचं साधं नाणं, एका बाजूला तीन ओळीत श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळीत छत्र पति, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे नाणं पुढे छत्रपती, पेशवे, त्यांचे सरदार, मक्त्याने टांकसाळ चालवणारे खाजगी लोक सगळ्यांनी पाडलं आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात कित्येक वर्षं चालत राहिलं. म्हणजे विचार करा, दोनशेच्या आसपास वर्षं एकाच मजकुराचं नाणं लोकांच्या कनवटीला. तर अशा नाण्याचं अक्षर शिल्लक राहिलं नाही यात त्याची काय चूक? वर साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच पूर्ण मजकूर बहुतेकांवर उमटायचाच नाही, कुठे श्री कापली गेलीय, कुठे नुसतं 'जा' उरलंय. आणि हे सगळं माहीत असूनही आपल्याकडचा संग्राहक काय मागतो, तर सगळी अक्षरं सुटी वाचता येणारी, कडा गोल, रंग एकसारखा. अशी शिवराई मिळतेही, नाही असं नाही, पण ती मिळाली की मला पहिला संशय येतो तो नकलेचा. बाजार नकली शिवरायांनी भरलेला आहे आणि नक्कल करणारा माणूस मूर्ख नाही, तो लोकांना आवडतं तसंच नाणं बनवणार. साफ गुळगुळीत झालेल्या शिवराईची नक्कल करायला कोण बसेल सांगा.

आता दोष एकट्या संग्राहकाला देऊन उपयोग नाही, आपली भाषाच घासलेल्या नाण्याच्या विरोधात आहे. खणखणीत नाणं म्हणजे चांगला माणूस, बद्द वाजलं की खोटं, एखादा विनोद जुना झाला की तो घासून गुळगुळीत झालेला, आणि घराण्याच्या नावाला काय लागतो तर बट्टा. हा बट्टा सरळ सराफाच्या पेढीवरून आलेला शब्द आहे. पूर्वी रुपया म्हणजे एक रुपया असं नव्हतंच, कुठल्या टांकसाळीचा, कुठल्या सालचा, किती झिजलेला यावरून सराफ त्यातून काही कापून घ्यायचा, तो बट्टा. मोगली पद्धतीत तर नवा शिक्का पडला की आधीच्या वर्षांचे रुपये झिजले असोत नसोत त्यांचा भाव खाली. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हाली असे ढीगभर रुपये एकाच वेळी फिरत होते, सरकारभरणा एका प्रकारात मागितला जायचा आणि कुळाच्या हातात दुसराच प्रकार असायचा, मग मधला फरक कोणाच्या खिशातून जाणार हे सांगायला नको. पोतदार हे आडनाव याच कामावरून पडलं, खजिन्यात येणारी नाणी पारखून घेणारा तो पोतदार. त्या काळात झिजलेल्या नाण्याला कमी लेखणं अगदी रास्त होतं, कारण चांदी खरोखर कमी असायची. पण आपण सराफ नाही ना. आपण ते नाणं धातूच्या भावाने घेत नाही आणि खर्चही करणार नाही, तरी आपण अजून पोतदाराच्याच नजरेने बघतोय, याची मला गंमत वाटते.

बरं, त्या झिजेतून काही कळतं का? इथे मी दरवेळी कोसंबींचं नाव काढतो आणि समोरचा दरवेळी जांभई देतो, पण तरी सांगतोच. दामोदर धर्मानंद कोसंबी, मूळचे गोव्याचे, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवायचे तेव्हा, म्हणजे चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी नाण्यांचा नाद धरला. नाणी कुठली, तर आहत नाणी, आपल्याकडची सगळ्यात जुनी, चांदीचे ओबडधोबड तुकडे, वजन साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत, आणि त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी असली चिन्हं ठोकलेली. ना राजाचं नाव, ना साल. दिसायला तर इतकी सामान्य की नवख्याला वाटावं हे भंगारच. अभ्यासक त्या चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतलेले होते. कोसंबींनी काय केलं, तराजू आणला. त्यांचं गणित साधं होतं, नाणं हाताहातातून फिरतं तेव्हा ते रोज किंचित झिजतं, म्हणजे एकाच साठ्यात एकाच मापाची नाणी असतील तर जास्त फिरलेलं नाणं सरासरीने हलकं असणार, आणि जास्त फिरलंय म्हणजे आधी पाडलेलं असणार. एका नाण्यावरून हे सांगता येत नाही, कारण पाडतानाच वजनात थोडा फरक राहतो, पण शेकड्यांनी तोलली की तो फरक आपोआप बाजूला पडतो आणि झिजेचा क्रम वर येतो. तक्षशिलेला भीर टेकाडावर १९२४ साली सापडलेला साठा त्यांनी असा तोलला, हजाराहून जास्त आहत नाणी आणि सोबत अलेक्झांडर आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अरिडियस यांची मोजकी दोन-तीन नाणी, तीही अगदी टांकसाळीतून आत्ता आणल्यासारखी. त्या कोऱ्या नाण्यांनी साठा पुरला गेला तो काळ सांगितला. पण त्याच्या मागची सगळी रांग, कुठल्या चिन्हांचं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, ती कोणी लावली? झिजलेल्या नाण्यांनीच ना.

त्याहून मला आवडतं ते पुढचं. या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात, त्या नाणं पारखणाऱ्यांनी वेळोवेळी ठोकलेल्या. संग्राहकाच्या भाषेत डॅमेज. कोसंबींच्या लक्षात आलं की मागच्या खुणा जितक्या जास्त तितकं सरासरी वजन कमी होत जातं, म्हणजे ही नाणी ठराविक काळाने तपासली जात होती आणि प्रत्येक तपासणीला एक ठोका पडत होता, पासपोर्टवर शिक्के पडावेत तसे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चलन तपासायची काहीतरी पद्धत होती हे आपल्याला ओरखड्यांनी सांगितलं. आणि हे सगळं हवेत बोलायचं नाही म्हणून या माणसाने आपल्या काळातली चलनातली नाणीही गोळा करून तोलली, खरंच वापराने वजन असं उतरतं का हे बघायला. आज कोणी यूएनसीचा, म्हणजे कधीच चलनात न फिरलेल्या नाण्याचा, आग्रह धरायला लागला की मला तो तराजू आठवतो. टांकसाळीतून निघून थेट डबीत गेलेल्या नाण्याने कोसंबींना टांकसाळीचं मूळ वजन तेवढं सांगितलं असतं.

दुसरं उदाहरण नाशिकजवळचं, आणि ते तर 'खराब केलेल्या' नाण्यांचंच आहे. १९०६ साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याचा शत्रू, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे, नहपानाच्या गालावर, कानावर, डोळ्यावर, जिथे पडेल तिथे. इकडे पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात मुलाची स्तुती करताना तो क्षहरात वंशाचा समूळ नाश करणारा असं म्हटलंय. आता आईने मुलाचं कौतुक केलं तर त्यातलं किती धरायचं हा प्रश्न कोणालाही पडेल, पण जोगळटेंभीच्या बिघडवलेल्या नाण्यांनी त्याला साक्ष दिली. ग्रेडिंगच्या, म्हणजे नाण्याला दर्जा लावणाऱ्यांच्या, भाषेत त्या नऊ हजार नाण्यांचा नहपान खराब झालाय, साच्याच्या मूळ ठशाची पार वाट लागलीय. पण एकही खराब झालं नसतं तर आपल्या हाती नहपानाची तेरा हजार सुबक नाणी आली असती आणि त्या दोघांमधल्या लढाईचा निकाल ठरवताना आपण निम्म्याहून जास्त अंधारात असतो.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर असं, की ठीक आहे, ते अभ्यासकांचं झालं, आम्ही हौशी लोक, आम्हाला सुंदर नाणं आवडतं, पैसे आमचे आहेत. कबूल. सुंदर नाणं मलाही आवडतं, १८६२ चा राणीछाप रुपया नुकता पाडल्यासारखा असला तर त्यावरच्या व्हिक्टोरियाच्या कपड्यांवरची नक्षी बघत मी दहा मिनिटं बसू शकतो. प्रश्न तुमच्या आवडीचा नाहीच, प्रश्न असा आहे की तुमच्या आवडीमुळे बाकीच्या नाण्यांचं काय होतं. ते जरा तपशिलात बघू.

एखाद्या गावात घराचा पाया खणताना मडकं सापडतं. कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. लोक घाबरतात, कळवत नाहीत, मडकं रातोरात सोनाराकडे नाहीतर मोडवाल्याकडे पोचतं. तिथून ते एखाद्या नाणीवाल्याकडे आलं तर तो पहिलं काम करतो ते निवडायचं. अक्षरवाली बाजूला, अर्धवट वेगळी, आणि गुळगुळीत सगळी एका पिशवीत. चांगली अल्बममध्ये जातात आणि चार दिशांना विकली जातात, अर्धवट डब्यात, आणि पिशवी किलोवर तांब्याच्या मोडीत. मोडीत निघणे हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो. आता परत कोसंबींकडे या. त्यांचं गणित चालतं ते साठा अख्खा असला तरच. निवडून काढलेल्या शंभर देखण्या शिवराया तोलून काही कळत नाही, कारण त्या निवडलेल्याच कमी झिजलेल्या आहेत. तांब्याच्या बाबतीत तर आणखीच, शिवराई पाडताना प्रत्येक चकती काही चांदीसारखी काटेकोर तोललेली नसायची, म्हणून तिथे शेकड्यांनी नाही, हजारांनी लागतील. ही हजारो नाणी कुठे होती, तर त्याच पिशवीत. नको म्हणून वितळवली ती. नदीतल्या नाण्यांचं तेच, गोदावरीत, चंद्रभागेत, कृष्णेत लोक पिढ्यान्‌पिढ्या नाणं टाकत आले, झारेकरी ते वाळूतून काढत आले, आणि वाळूने खाल्लेलं तांबं म्हणून ते कोणी चाळूनसुद्धा बघत नाही.

आणि जी वाचतात त्यांना आपण धुतो! यावर माझं डोकं फार लवकर फिरतं. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, तांब्यापितळेच्या भांड्यांची पावडर, एकाने तर मला सांगितलं टॉयलेट साफ करायचं लिक्विड अर्ध्या मिनिटात काम करतं. करतं ना, तीन शतकांत धरलेला थर अर्ध्या मिनिटात उतरवतं आणि खाली राहतो तो गुलाबी, भोकाभोकांचा, मेलेला धातू. हे लोक का करतात, तर दुकानात चकचकीत नाण्याला जास्त भाव मिळतो म्हणून. आमच्याच घरात लक्ष्मीपूजनाचे चार चांदीचे रुपये होते, आई दरवर्षी धनत्रयोदशीला राखेने घासून लखलखीत करायची, मी कळता होईपर्यंत त्यातल्या दोघांवरचा राजा एडवर्ड आहे की जॉर्ज हे फक्त टकलावरून ओळखावं लागायचं. पण इथे मी जरा अडखळतो, कारण ती झीज मला प्रिय आहे. देव्हाऱ्यातले टाक नाही का, खंडोबाचे, देवीचे, अभिषेकाने आणि पुसण्याने नाकडोळे जातात, पण म्हणून त्यांना कोणी डॅमेज म्हणत नाही. मग आईचं घासणं चालतं आणि दुकानदाराचं टॉयलेट लिक्विड चालत नाही, ही रेघ मी कुठे ओढली? खरं सांगायचं तर थोडी सोयीनेच ओढली. माझा अंदाज असा की नाणं वापरताना, पूजा हाही वापरच, त्याला जे होतं ते त्याच्या आयुष्याचा भाग, आणि विकण्यासाठी त्याला जे केलं जातं ते मेकअप. यात मधल्या फटी भरपूर आहेत हे मला माहितीय. एक अपवाद मात्र पक्का, तांब्यावर फिकट हिरवी भुकटी यायला लागली आणि ती पुसली तरी परत येत असेल तर तो नुसता थर नसतो, धातूला आतून लागलेली कीड असते, तिच्यावर उपाय करावाच लागतो, जाणकाराला विचारून.

भोक पाडलेल्या नाण्यांचं तर वेगळंच प्रकरण. १९४३ पासून सरकारनेच मधे भोक असलेला पैसा काढला, युद्धात तांबं वाचवायला, त्याला कोणी नावं ठेवत नाही, उलट आजोबा लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात की आम्ही करगोट्यात ओवायचो. पण चांदीच्या रुपयाला, पावलीला वर भोक पाडलेलं किंवा कडी झाळलेली असली की भाव निम्म्याच्या खाली. का? रुपयांच्या माळा, पावल्यांच्या माळा, लमाण बायांच्या अंगावरची नाणी, ही त्या काळातली बाईची बँक होती, आणि ती बँक गळ्यात असायची म्हणून सावकाराच्या नजरेपासून थोडी लांब असायची. एकेक भोक म्हणजे एकेका बरकतीच्या वर्षी घरात उरलेला रुपया. माळ तुटली, नाणी सुटी झाली, म्हणजे ते वर्ष कसं गेलं असेल याचाही अंदाज करता येतो. माझ्याकडे अशी एक अधेली आहे जिच्या भोकाची वरची कड दोऱ्याने इतकी झिजलीय की भोक गोल न राहता थेंबासारखं झालंय. ती कोणाच्या गळ्यात किती वर्षं होती कोण जाणे. दुकानदाराने मला ती वर फुकट दिली होती, एक रुपया घेतला म्हणून.

बाहेरच्या देशांत हे वारं थोडं आधी फिरलं. चीनमध्ये व्यापाऱ्यांनी चांदीच्या डॉलरवर ठोकलेल्या खुणांना, चॉपमार्कना, एकेकाळी तिकडेही डॅमेजच म्हणायचे, आता त्यांचेच खास संग्राहक आहेत. इंग्लंडमध्ये मताधिकार मागणाऱ्या बायकांनी एडवर्ड राजाच्या पेनीवर त्याच्या तोंडावरून बायकांना मत द्या असं ठोकलं, तशी एक पेनी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अमेरिकेत १ ते ७० असा जो ग्रेडिंगचा आकडा देतात, १९४९ मध्ये शेल्डनने काढलेला, त्यात मुद्दाम १ नंबरचीच, म्हणजे पार संपलेली नाणी जमवणारेही आहेत. मला ते वाचून आधी आनंद झाला आणि मग कळलं की तिथेही शेवटी मार्कांची शर्यतच लागलीय, खालून पहिला येण्याची, आणि काही जण खिशात नाणं ठेवून मुद्दाम झिजवतात. आपल्याकडे ते आलं नाही तर बरं. शिवराई काचेसारख्या प्लॅस्टिकमध्ये बंद करून वर आकडा चिकटवायची कल्पनाच मला सहन होत नाही, जे नाणं लोकांच्या बोटांनीच घडवलं त्याला आता बोट लागू द्यायचं नाही म्हणे.

आणि एक धोका माझ्याच बाजूच्या लोकांकडून आहे. घासलेल्या नाण्याची गोष्ट फार छान सांगता येते, आणि छान गोष्टीला भाव लावायला वेळ लागत नाही. आत्ताच मोबाईलवर बघा, जुनी पाच रुपयाची नाणी लाखाला विकत घेतो म्हणून जाहिराती येतात, रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये लोकांना सावध करावं लागलं असल्या ऑफरपासून. उद्या कोणी गुळगुळीत तांब्याची चकती दाखवून हे महाराजांच्या मावळ्याच्या कमरेचं म्हणून पाच हजार मागेल आणि देणारेही निघतील. म्हणून माझं म्हणणं असं आहे की घासलेलं नाणं स्वस्तच राहू द्या, शंभर-दोनशेला मिळू द्या. त्याची किंमत वाढवा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय ते फेकू नका, वितळवू नका, धुऊ नका, आणि साठा हाती आला तर निवडायच्या आधी अख्खा तोला, कुठे सापडला ते लिहून ठेवा, तेवढंच. नाण्यांच्या प्रदर्शनांत जे क्लब टेबलं मांडतात त्यांना हे सहज जमेल, एक तराजू आणि एक वही, खर्च किती तो. म्युझियमवाल्यांनी काचेत एक चांगली शिवराई ठेवली तर शेजारी दहा झिजलेल्या उतरत्या क्रमाने मांडाव्यात, शाळेतल्या पोरांना चलन म्हणजे काय ते एका ओळीत कळेल.

मी स्वतः ऑनलाइन एक खिशात मावणारा काटा घेतला, सोनारासारखा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा, काही शेकड्यांत येतो. तो घेऊन जुन्या बाजारात डब्यापाशी उकिडवा बसायला लागलो तेव्हा नाणीवाला आणि त्याचा शेजारी दोघंही हसले. नाणं उचलायचं, काट्यावर ठेवायचं, वहीत आकडा, परत डब्यात. बहुतेक मी विकतही घेत नव्हतो, म्हणजे गिऱ्हाईक म्हणून मी किती भिकारडा ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं. साडेचारशेच्या वर आकडे झालेत आता, सगळ्यात जड तेरा ग्रॅमला टेकलेली आणि सगळ्यात हलकी सहाच्याही खाली, तिच्यावर फक्त दोन ठिपके उरलेत, काठाशी. या आकड्यांवरून अजून काही सिद्ध होत नाही, कारण डबा आधीच निवडलेला असतो हे वर सांगितलंच. तसं मी त्यालाही एकदा बोललो होतो, वैतागून. गेल्या रविवारी मी पोचलो तर त्याने गोणपाटाची एक पिशवी अजून उघडलीच नव्हती. ती माझ्याकडे सरकवत म्हणाला, "काका, काल संध्याकाळी आलाय माल. तुम्ही आधी वजनं करून घ्या, मग मी निवडतो."